‘नॉयसम’ म्हणजे गोंगाट नव्हे : अनुवाद करताना या चुका टाळा

‘नॉयसम’ (noisome, म्हणजे दुर्गंधीयुक्त किंवा अपायकारक) हे इंग्रजी विशेषण दिसताच ‘नॉइझ’ (noise, आवाज) आठवतो आणि दुर्गंधीने भरलेल्या अंधारकोठडीचा अनुवाद ‘गोंगाटाची कोठडी’ असा होऊन बसतो. वाक्यात कानाला ऐकू येणारे काहीच नसेल, तर तेथेच थांबून शब्दकोश उघडावा. या विशेषणाचे मूळ आवाजात नसून त्रास देणे या अर्थाच्या ‘अनॉय’ या क्रियापदात आहे. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या पिढीला तर हा धागा सहज सापडावा, कारण किळस या अर्थाचा पोर्तुगीज ‘नोजु’ त्याच लॅटिन मुळातून आलेला आहे.

दुसरी चूक अर्थ माहीत असणाऱ्यांकडून होते, आणि मला ती अधिक गंभीर वाटते. आज हा शब्द मुख्यतः घाणेरड्या वासासाठी वापरला जात असला, तरी त्याचा जुना अर्थ ‘अपायकारक’ असा आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, 91 व्या स्तोत्रात, तो महामारीला लावलेला आहे. तेथे ‘दुर्गंधीयुक्त मरी’ नव्हे, तर ‘घातक मरी’च हवी. एकोणिसाव्या शतकातील गद्यात मात्र दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात, कारण कुजकट हवेतूनच रोग पसरतात असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. ‘मलेरिया’ या नावाचाही अर्थ ‘वाईट हवा’ असाच आहे. साथींनी ओस पडत गेलेल्या आणि 1843 मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीकडे गेलेल्या जुन्या गोव्याविषयीच्या तत्कालीन इंग्रजी वर्णनात हे विशेषण आढळल्यास केवळ ‘घाणेरडी’ म्हणून भागणार नाही. ‘रोगट, कुबट हवा’ असे काहीतरी लिहावे लागेल.

स्वतः इंग्रजीत लिहिताना हा शब्द प्रत्येक उग्र वासाला चिकटवू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील सुक्या मासळीचा वास उग्र खरा, पण ‘नॉयसम’ म्हणताच वर्णनाचा निवाडा होतो, आणि तो वास घेऊनच भूक लागणाऱ्या गोंयकाराला तो मान्य होणार नाही. कुजलेले डबके, तुंबलेले गटार, कोंदट तळघर यांना हा शब्द शोभतो.

उच्चारातही ‘स’ स्पष्ट ठेवावा. ‘नॉइझम’ म्हटले की पहिला गैरसमज पुन्हा सुरू होतो. शेवटचा ‘सम’ म्हणजे ‘थोडेसे’ नव्हे. ‘टायरसम’ (tiresome, कंटाळवाणे) या शब्दात आहे तोच हा प्रत्यय.