या चुका टाळा: चिखलातून सुटलेली फोर बाय फोर डांबरावर का रडते

जुलैत मुरबाडकडून ठाण्याला परतत होतो. भिवंडी बायपासला वेग साठच्या वर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. मनात हिशेब सुरू: बॉल जॉइंट गेला, सस्पेन्शन गेलं, दहा हजारांना चाट. माजिवड्याच्या अलीकडे टायरच्या दुकानात थांबलो, तर तिथला पोरगा म्हणाला, "दादा, आधी रिमच्या आत हात घाला." आत ओंजळभर चिखल घट्ट बसलेला. स्क्रूड्रायव्हरने खरवडला, थरथर गायब. पैसेही घेतले नाहीत त्याने, नुसता हसला.

आता घरी आलो की चारही रिम आतून धुतो. रेडिएटरवर मात्र प्रेशरचा पाइप जवळून मारू नका, बारीक पात्या आडव्या होतात आणि मग घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढतो.

दुसरी नेहमीची तक्रार: सोसायटीच्या गेटात वळवताना गाडी आखडते, खालून कट्कट् वाजतं. बहुतेकदा गाडी फोर एचमध्येच, म्हणजे चारही चाकं चालवणाऱ्या स्थितीत, राहिलेली असते. थार, जिम्नी, गुरखा यांच्यात पुढचा-मागचा आस जोडला गेला की दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळताना मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भागवतं, काँक्रीटवर ते जमत नाही, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. डांबर लागलं की टू एच, म्हणजे फक्त मागची चाकं. लिव्हर निघत नसेल किंवा फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत राहिला तर हिसके देऊ नका. सरळ रेषेत चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटतो.

फोर लो (चारही चाकं, पण कमी वेग आणि जास्त जोर) गाडी फसल्यावर आठवतो, ही तर घरोघरची चूक. अवघड जागा दिसली की आधीच थांबा, न्यूट्रलला आणा आणि मग लो रेंज टाका. टायरची हवाही तेव्हाच काढा. चिखलात १८ ते २० पीएसआय पुरते. काढायला पाच मिनिटं, भरायला अर्धा तास, म्हणून लोक भरायचा कंटाळा करतात आणि तशीच गाडी हायवेला घालतात. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फाटतो. छोटा कंप्रेसर जवळ असलाच पाहिजे.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय उचला. रेस वाढवली की गाडी फक्त खोल जाते. आणि भाताच्या बांधावरून काढू नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी वाहून जातं, त्या माणसाची आवणी बुडते. अशाने गावात पुढच्या वेळी ट्रॅक्टर मागायला तोंड उरत नाही.

ओढताना पट्टा चेसिसला बोल्ट केलेल्या हुकालाच लावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा लावला आणि ताणात गोळा तुटला, तर तो काच फोडून आत येतो. बघ्यांना लांब उभं करा, फोटो मागाहून.

ओढ्याबद्दल एवढंच: थारची ६५० मिलिमीटर खोल पाण्याची मर्यादा वाहत्या पाण्यासाठी गृहीत धरू नका. पाणी गढूळ आणि जोरात असेल तर गाडी वळवा. मध्येच बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर किल्लीला हात न लावता टो करून गॅरेजला न्या.

फिल्टर कोरडा असला तरी दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचं (चाकांमध्ये ताकद वाटणारा आसावरचा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) ऑइल बघा. तापलेलं डिफ गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या नळीतून, पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला.