नेट नसलेल्या महाविद्यालयात मूडल: प्रस्तावापासून पहिल्या चाचणीपर्यंत

महाविद्यालयातल्या डिजिटल शिक्षणाच्या अनुदानाचे प्रस्ताव बहुतेक ठिकाणी कोटेशनपासून सुरू होतात. दुकानदार डिजिटल पॅनलचा, म्हणजे वर्गातल्या मोठ्या टचस्क्रीनचा, दर देतो, त्याला वर्गखोल्यांच्या संख्येने गुणलं की प्रस्ताव तयार. विदर्भातल्या एटापल्ली, धारणी, झरी-जामणीसारख्या तालुक्यांत हे पॅनल पुढे पांढऱ्या फळ्याच्याच कामाला येतं, कारण नेट नाही, वीज टिकत नाही आणि त्यावर दाखवायला काही तयार केलेलं नसतं. पर्याय म्हणजे मूडल: धडे आणि चाचण्या ठेवायची प्रणाली, जी वर्गातल्या एका छोट्या संगणकावर (सर्व्हरवर) बसते आणि मुलांच्या फोनवर नेटशिवाय, वायफायने उघडते. पण सुरुवात उलट्या टोकाने करा: मुलं नेमकी कुठे अडतात?

एका विषयातला, दरवर्षी नडणारा एकच घटक निवडा. उदाहरणार्थ, बी.कॉम.च्या अंतिम खात्यांमधली समायोजनं. त्यावर २० प्रश्नांची चाचणी काढा आणि यंदाच्या मुलांना जुन्याच पद्धतीने शिकवून झाल्यावर द्या. पुढच्या वर्षी मूडलवर शिकवून झाल्यावर तीच चाचणी. हे आधीचे गुण हातात नसतील तर वर्षअखेरीच्या अहवालात ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ यापलीकडे लिहायला काही उरत नाही.

त्याच आठवड्यात मुलांकडून चार गोष्टी कागदावर घ्या: फोन स्वतःचा की घरातला सामाईक, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, गाव कोणतं, शेवटची एसटी किती वाजता. एसटी साडेचारला सुटत असेल तर ‘चारनंतर संगणक कक्ष खुला’ या ओळीला अर्थ नाही. कक्षाचा तास वेळापत्रकातच बसवा. हंगामही पाहा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यामागोमाग कापसाची वेचणी, आणि वर्ग निम्मा रिकामा. प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये तरी करा, नाहीतर जानेवारीनंतर.

सामान

एका वर्गासाठी लागतं ते थोडंच. ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला एक मिनी पीसी, त्यावर उबुंटू आणि मूडल. दोन्ही मोफत. जोडीला किविक्स टाकलं की मराठी विकिपीडियाही नेटशिवाय उघडतो. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मूडलबॉक्स (मूडलचा तयार संच) चालतो, पण तो वीसेक मुलांच्या चाचपणीपुरता. वीज अचानक गेली की त्याचं एसडी कार्ड खराब होतं. शिवाय पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, त्यामुळे वीज परतल्यावर तारीख चुकते आणि वेळ बांधलेली चाचणी उघडतच नाही.

घरगुती राउटरवर १५-२० फोन जोडले की तो धापा टाकतो. ८० मुलांच्या वर्गाला दोन चांगले ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी उपकरणं) घ्या, आणि ते एकमेकांना अडवू नयेत म्हणून एक चॅनल १ वर आणि दुसरा ६ किंवा ११ वर. स्वस्त फोन बहुधा २.४ गिगाहर्ट्झच पकडतात, म्हणून ५ गिगाहर्ट्झच्या भरवशावर राहू नका. व्हिडिओ ४८०पी मध्ये, दहा मिनिटांच्या आत आणि ५०-६० एमबीचा ठेवा. चाळीस फोनांवर एकाच वेळी चालवला तर तोही सुमारे ३० एमबीपीएस मागतो. मुलांना आधी डाउनलोड करून मग पाहायला सांगणं बरं.

पहिल्या दिवशी हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘सर, पान उघडत नाही’. वायफायला इंटरनेट नाही हे दिसताच अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटावर जातो. मोबाइल डेटा बंद करायचा आणि ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?’ या प्रश्नाला होय म्हणायचं. ही दोन वाक्यं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, अर्धा तास वाचेल.

वीज, उन्हाळा, काळी माती

प्रस्तावातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. हिशोब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. ती निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. इन्व्हर्टरमधली घट धरून हाती सुमारे ७६५ उरतात. मिनी पीसी आणि ॲक्सेस पॉइंट मिळून साधारण ४० वॉट घेतात, ते १९ तास चालतील. त्यात ३०० वॉटचा प्रोजेक्टर जोडला की सव्वादोन तास. म्हणजे लोडशेडिंगमध्ये मुलांचे फोन चालवा, प्रोजेक्टर नको.

अर्थिंगची नोंद इमारतीच्या कागदांत असते, जमिनीत असेलच असं नाही. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर वायरमनला बोलवा. काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात नियमित पाणी टाकायचं काम शिपायाच्या नावाने लिहून द्या. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल ओढू नका, जूनच्या पहिल्या विजांनी दोन्हीकडचे पोर्ट जातात. तिथे फायबरच. सर्व्हर टिनाच्या खोलीत ठेवू नये हे पारा ४५ च्या वर जाणाऱ्या जिल्ह्यांत सांगायची गरज नसावी, पण रिकामी खोली नेमकी तीच असते.

कृतिदेवची अडचण

प्राध्यापकांच्या जुन्या नोट्स कृतिदेव किंवा श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतात. मूडलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उमटतात. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांनी वाचा: रफार, ऱ्य आणि अंक इथे हमखास चुकतात. प्रश्नसंच गिफ्ट फॉरमॅटमध्ये (मूडलला थेट वाचता येणारी साध्या मजकुराची मांडणी) नोटपॅडवर लिहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. एका घटकाचे ६० प्रश्न तयार करायला एका माणसाचे दहा-बारा दिवस जातात. ते कामाच्या वाटणीत दाखवा.

पैसा आणि कागद

पीएम-उषा या केंद्राच्या उच्चशिक्षण योजनेत (२०२३-२४ ते २०२५-२६) महाविद्यालय बळकटीकरणाच्या घटकाखाली ५ कोटींपर्यंत निधीची तरतूद होती, केंद्र-राज्य वाटा ६०:४०. हा प्रकल्प अशा निधीतला लहानसा कोपरा होऊ शकतो. भांडवली खर्च सहज मान्य होतो, आवर्ती क्वचितच. म्हणून देखभाल खरेदीतच बांधा. तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी मागा आणि अटीत महाविद्यालयाचा पत्ता लिहा, नाहीतर ‘साइट’ म्हणजे नागपूरचं दुकान ठरतं. शंभर रुपयांची विभागणी आम्ही अशी सुचवू: सर्व्हर आणि उपकरणं ४०, वीज आणि अर्थिंग २५, नेटवर्क १५, उरलेले २० देखभाल व प्रशिक्षणाला.

निधी अनेकदा फेब्रुवारी-मार्चात पडतो. तांत्रिक तपशील, महाविद्यालय विकास समितीचा ठराव आणि जागेचा नकाशा डिसेंबरातच तयार ठेवा. तपशिलात कंपनीचं नाव नको, क्षमता लिहा. जेमवरून (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून) आलेला खोका न उघडता स्वीकृती देऊ नका. चालवून पाहा, अनुक्रमांक डेडस्टॉक रजिस्टरवर चढवा, मगच सही. केंद्राच्या अनुदानावरचं बँकेचं व्याज महाविद्यालयाचं नसतं. जीएफआर २०१७ (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) प्रमाणे ते परत जातं. उपयोगिता प्रमाणपत्र १२-अ नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत.

पहिली चाचणी

चाळीस मुलांनी एकाच क्षणी ‘सुरू करा’ दाबलं की सर्व्हर अडखळतो. वीस-वीसच्या दोन तुकड्या करा, दुसरी पाच मिनिटांनी. एका पानावर पाचच प्रश्न ठेवा, म्हणजे जोडणी तुटली तरी आधीच्या पानांची उत्तरं सर्व्हरवर राहतात. चाचणी संपताच अभ्यासक्रमाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या.

आणि ॲडमिनचा पासवर्ड. मूडलची सगळी जुळवाजुळव बहुधा तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक करतो. सत्र संपतं, तो दुसऱ्या गावाला जातो, पासवर्डही जातो. दोन कायम कर्मचाऱ्यांना ॲडमिन खातं काढून द्या आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या कपाटात ठेवा. बदलला की लिफाफाही बदला.