गोधडी, दुलई, कवंदी: नाव पाहून टाका ठरवा

वाकळ, गोधडी, बाळाचं दुपटं, उत्तर कर्नाटकातली कौदी यांत मोकळा कापूस नसतो, नुसते कापडाचे थर असतात. बंगालमधला कांथा, बिहारची सुजनी आणि सिंध-राजस्थानातली रल्ली याच घराण्यातली. रजईत मात्र पिंजलेला कापूस असतो. दुलईतही, पण पातळ. म्हणून गोधडी घरी धुता येते. रजई धुतली की कापसाचे गोळे होतात. ती उसवून कापूस पुन्हा पिंजूनच घ्यावा लागतो.

एकट्याच्या गोधडीला दोन जुन्या सुती सहावारी साड्या पुरतात. साडेपाच मीटरच्या साडीचे १.३५ मीटरचे चार तुकडे निघतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की एक थर. दोन साड्यांचे चार थर. जरीचे काठ आधी काढा, त्यातून सुई जात नाही. कांजी धुऊन टाका. सिंथेटिक साडी नकोच: आत सरकते आणि उबेऐवजी घाम देते.

थर जमिनीवर पसरा, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा आणि त्याच दिशेने वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. हेच काम बहुतेक जण टाळतात. मग खालचा थर गोळा होतो आणि मध्ये फुगा येतो. त्यानंतर धावदोरा. ओळींत दोन बोटांचं अंतर, टाका अर्ध्या सेंटिमीटरचा. दोरा दुहेरी, पण हातभरच. लांब घेतला की गुंता होतो. दोरा ओढून घट्ट केलात तर गोधडी आक्रसते.

कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची चिंध्यांची गोधडी, कडेपासून आत शिवत नेतात. त्यांना ते जमतं, कारण वरच्या चिंध्या दुमडत-जोडत जाताना ढिलेपणा दुमडीत जिरतो. अखंड साडीवर ही नक्कल करू नका. कोपऱ्यांवरची त्यांची त्रिकोणी फुलं मात्र जरूर लावा.

साशिको या जपानी धावदोऱ्याच्या भरतकामात वरचा टाका लांब, खालचा आखूड ठेवतात. गोधडी दोन्ही बाजूंनी वापरायची, तेव्हा टाके सारखेच हवेत. शेवटी कच्चे टाके उसवा, कडा आत दुमडून दुहेरी शिवा. गोधडी आधी तिथेच विरते.