लहान मैदानावरचे सराव सामने आखताना या चुका टाळा

चार विरुद्ध चार किंवा पाच विरुद्ध पाच असे छोटे सामने फुटबॉलच्या सरावात आता सर्वत्र खेळवले जातात. एकाच वेळी दम, चेंडूवरचा ताबा आणि निर्णयक्षमता या तिन्हींचा सराव त्यांतून होतो, हे खरे आहे. मात्र खुणेचे शंकू (कोन) मांडले, संघ ओळखू यावेत म्हणून रंगीत बिब वाटले आणि शिट्टी वाजवली एवढ्याने हा परिणाम आपोआप साधत नाही. मैदानाची लांबी-रुंदी, खेळाडूंची संख्या, खेळाचा आणि विश्रांतीचा वेळ, नियम यांपैकी एक गोष्ट बदलली तरी खेळाडूच्या शरीरावर पडणारा ताण बदलतो. मुलींच्या आणि महिलांच्या संघांबाबत तर आणखी एक अडचण असते: बहुतेक आकडे पुरुष खेळाडूंसाठी ठरवलेले असतात आणि ते जसेच्या तसे उचलले जातात.

मैदान अंदाजाने आखणे

सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे. मैदानाचा आकार ठरवताना प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला किती चौरस मीटर येतात, हा हिशेब आधी करावा. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद अशा पूर्ण मैदानाचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर होते. गोलकीपर वगळून उरलेल्या २० खेळाडूंत ते वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५७ चौरस मीटर येतात. याउलट ३० बाय २० मीटरच्या जागेत चार विरुद्ध चार खेळवले, तर एका खेळाडूला केवळ ७५ चौरस मीटर मिळतात. हे दोन खेळ शरीराच्या दृष्टीने वेगळेच आहेत. कमी जागेत खेळाडू सतत वेग घेतो, थांबतो आणि वळतो, परंतु पूर्ण वेगाने धावण्याइतके अंतर त्याला मिळतच नाही. जागा वाढली की वळणे कमी होतात आणि लांब धावा वाढतात.

म्हणूनच आठवडाभर केवळ लहान जागेतले सामने खेळवलेला संघ सरावात चपळ दिसतो, पण सामन्यात पाठीमागे टाकलेल्या चेंडूवर त्याचे बचावपटू मागे पडतात किंवा त्यांच्या मांडीचे मागचे स्नायू दुखावतात. असे होत असेल, तर आठवड्यातील एका सत्रात प्रत्येक खेळाडूला २०० चौरस मीटरहून अधिक जागा मिळेल असा खेळ ठेवावा, आणि ते शक्य नसल्यास ३० ते ४० मीटरच्या पूर्ण वेगाच्या धावा स्वतंत्रपणे घ्याव्यात.

मुंबई-पुण्यात भाड्याच्या टर्फवर सराव घेणाऱ्या प्रशिक्षकांना जागा वाढवता येत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु संख्या त्यांच्या हाती असते. त्याच ३० बाय २० मीटरमध्ये पाच विरुद्ध पाच खेळवल्यास प्रत्येकाला ६० चौरस मीटर मिळतात, तीन विरुद्ध तीन खेळवल्यास १०० आणि दोन विरुद्ध दोन खेळवल्यास १५०. उरलेल्या खेळाडूंना बाहेर ताटकळत ठेवण्याऐवजी त्यांना सीमारेषेवर पास देण्यासाठी उभे करावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी गट बदलावा.

पुरुषांचे मापदंड महिला खेळाडूंना लावणे

खेळाडूचा वेग आणि अंतर नोंदवणारी जीपीएस उपकरणे वापरणाऱ्या संघांत ही चूक विशेष दिसते. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये ताशी २५.२ किलोमीटरच्या वरचा वेग म्हणजे स्प्रिंट (जोराची धाव), अशी मर्यादा पुष्कळदा धरली जाते. ज्या पुरुष खेळाडूचा सर्वाधिक वेग ताशी ३३ किलोमीटर आहे, त्याच्यासाठी ही मर्यादा त्याच्या क्षमतेच्या सुमारे ७६ टक्क्यांवर येते. ज्या मुलीचा सर्वाधिक वेग ताशी २६ किलोमीटर आहे, तिच्यासाठी ती जवळजवळ ९७ टक्क्यांवर जाते. ती मुलगी जिवाच्या आकांताने धावली तरी नोंदीत तिचे स्प्रिंट शून्य दिसतात, प्रशिक्षकाला ती कमी मेहनत घेते असे वाटते आणि तो तिचा भार वाढवतो. यापरता अन्याय नाही. २०१९ च्या महिला विश्वचषकाचे शारीरिक विश्लेषण करताना फिफाने स्प्रिंटसाठी ताशी २३ किलोमीटरची मर्यादा वापरली होती. त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा सर्वाधिक वेग मोजून त्याच्या टक्केवारीवर विचार करणे, आणि हे पुरुष संघालाही तितकेच लागू आहे.

याचा उलटा प्रकारही घडतो. ‘मुली आहेत, झेपणार नाही’ असे म्हणून मैदान लहान केले जाते आणि वेळही कापला जातो. महिलांचा सामना त्याच आकाराच्या मैदानावर, त्याच ९० मिनिटांचा आणि त्याच पाच नंबरच्या चेंडूने होतो. मग सरावात त्यांना लांब धावांपासून वंचित ठेवण्याला काहीच आधार उरत नाही.

गुडघ्याच्या दुखापतीचा विचार न करणे

एसीएल या गुडघ्यातील अस्थिबंधाची दुखापत महिला फुटबॉलपटूंत पुरुषांच्या तुलनेत दुपटीहून अधिक प्रमाणात आढळते, आणि ती बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याशिवाय, अचानक थांबताना किंवा वळताना होते. अरुंद जागेतला खेळ नेमक्या याच हालचालींनी भरलेला असतो. त्यामुळे तो टाळू नये, मात्र सत्राच्या शेवटी पाय थकलेले असताना किंवा सामन्याच्या आदल्या दिवशी तो दीर्घकाळ खेळवू नये. सरावापूर्वी ‘फिफा ११+’ हा दुखापती टाळण्यासाठीचा सुमारे २० मिनिटांचा, १५ व्यायामप्रकारांचा वॉर्मअप कार्यक्रम नियमित घ्यावा. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या कार्यक्रमामुळे गंभीर दुखापती लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले. वेळ कमी आहे म्हणून सर्वांत आधी वॉर्मअपच कापला जातो, हे फार खेदाचे आहे.

खेळाची तीव्रता मध्येच ओसरणे

पहिली पाच मिनिटे खेळ रंगतो आणि नंतर सगळे चालू लागतात, अशी तक्रार असेल तर प्रथम घड्याळ पाहावे. सलग २० मिनिटे खेळवण्याऐवजी चार-चार मिनिटांचे चार डाव आणि मध्ये तीन मिनिटांची विश्रांती ठेवल्यास हृदयगती कमाल गतीच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत नेता येते. त्यानंतर चेंडूंची व्यवस्था तपासावी, कारण बाहेर गेलेला एकुलता एक चेंडू आणण्यातच निम्मा डाव सरतो. मैदानाभोवती राखीव चेंडू ठेवले की ही अडचण मिटते. प्रशिक्षकाने सतत खेळ थांबवून समजावणेही टाळावे आणि सूचना विश्रांतीच्या वेळेत द्याव्यात. खेळ चालू असताना त्याचे प्रोत्साहन मात्र तीव्रता निश्चित वाढवते.

एका टचमध्ये, म्हणजे चेंडूला एकदाच स्पर्श करून, पास देण्याची सक्ती नवख्या खेळाडूंवर केल्यास चेंडू सारखा हुकतो आणि खेळ तुटतो. अशा गटाला आधी मुक्त खेळ द्यावा, मग तीन टच, मग दोन.

मुले-मुली एकत्र खेळवताना

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या गोल्डन बेबी लीगमध्ये लहान वयाच्या मुली-मुलांनी एकत्र खेळणे अपेक्षितच होते आणि त्यातून दोघांचाही खेळ सुधारतो. चूक होते ती ‘मुलीने स्पर्श केल्याशिवाय गोल धरणार नाही’ अशा नियमात. त्यामुळे मुलगी संघातली खेळाडू न राहता केवळ एक अट बनते. तिला पास मिळत नसेल तर संख्या कमी करावी, कारण तीन विरुद्ध तीनमध्ये कोणालाही वगळून खेळणे कठीण असते, आणि संघ पाडताना लिंगापेक्षा कौशल्य व शरीरयष्टी पाहावी. पौगंडावस्थेत वेग आणि वजनातला फरक वाढू लागला, की ताकदीच्या झटापटीचे खेळ वेगळे घ्यावेत. चेंडू राखण्याचे आणि जागा शोधण्याचे खेळ त्यानंतरही एकत्र घेता येतात.