घर न्यूजर्सीत, ऑफिस मॅनहॅटनमध्ये: स्टेट टॅक्सने मला कुठे पकडलं

न्यूजर्सीतल्या एडिसनहून रोज न्यूयॉर्कचं पेन स्टेशन गाठणाऱ्यांना दोन राज्यांचे टॅक्स रिटर्न भरावे लागतात, हे पहिल्याच वर्षी कळतं. न्यूयॉर्कला आयटी-२०३, न्यूजर्सीला एनजे-१०४०. त्यावर जास्त बोलत नाही.

मी आपटलो तो घरून काम केलेल्या दिवसांवर. आठवड्यातले दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावरच ऑफिस थाटायचो. टीममधला एक सीनियर म्हणाला, "अरे, ते दिवस न्यूजर्सीचे. न्यूयॉर्कला कशाला टॅक्स देतोस?" पटलं. दिवस मोजले, वजा केले, घसघशीत रिफंड आला. दीड वर्षाने न्यूयॉर्कच्या टॅक्स खात्याचं पाकीट आलं: दिवस नामंजूर, फरक भरा, वर व्याज.

न्यूयॉर्क विचारतं ते एवढंच, की बाहेर बसून काम केलंत ते कुणाच्या सोयीसाठी? ऑफिस तिथे आहे आणि तुम्ही आपल्या सोयीने घरी बसलात, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. मॅनेजरने "घरून कर" म्हटलं तरी ती परवानगी झाली, कंपनीची गरज नव्हे. गणपतीत कोथरूडहून लॉगिन केलेले आठ दिवससुद्धा न्यूयॉर्कच्या खात्यात! कंपनीने क्लायंटकडे डॅलसला धाडलेले तीन दिवस मात्र सुटले, कारण ते काम मॅनहॅटनमध्ये बसून होण्यासारखं नव्हतं. कनेक्टिकटला राहणारे एक कायद्याचे प्राध्यापक याच नियमाविरुद्ध भांडत न्यूयॉर्कच्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. तिथे आपली काय कथा! आणि हो, त्या सीनियरला आजवर असं पाकीट आलेलं नाही. त्याचं नशीब, त्याचा सल्ला नव्हे.

पण घाबरून जाऊ नका. त्याच पगारावर दोन्हीकडे पूर्ण टॅक्स बसत नाही. न्यूयॉर्कला भरलेल्याचं क्रेडिट न्यूजर्सी देतं, म्हणजे आपल्या टॅक्समधून ते वजा करतं. त्यासाठी आधी न्यूयॉर्कचं रिटर्न पुरं करायचं, मग न्यूजर्सीचं. सॉफ्टवेअर वापरत असाल तरी हाच क्रम. क्रेडिटसाठी डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनीने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या पत्रकावर, कापलेला दिसतो तो आकडा उचलू नका. आयटी-२०३ वर शेवटी जो टॅक्स निघतो तो घ्या. मी तिथेही चुकलो होतो. शिवाय त्या पगारावर न्यूजर्सीने जेवढा टॅक्स लावला असता, त्यापेक्षा जास्त क्रेडिट मिळत नाही. पाकीट आल्यावर मी न्यूजर्सीचं सुधारित रिटर्न भरलं, बराचसा फरक परत आला. व्याज बुडालं ते बुडालंच.

बेसमेंटमध्ये बसून "रिफंड वाढवून देतो" म्हणणाऱ्यांकडे तर जाऊच नका. पाकीट आलं की त्यांचा फोन लागत नाही.

फिलाडेल्फियाला नोकरी लागलेल्यांचं बरं आहे. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूजर्सी यांच्यात करार आहे, त्यामुळे पगारावर फक्त राहत्या राज्याचा टॅक्स. एचआरकडे आरईव्ही-४१९ फॉर्म दिला की पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापणं थांबतं. फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा कर, मात्र कापला जातोच, तो या करारात येत नाही.

आमच्या फ्रिजवर कालनिर्णय लटकतं. दूधवाल्याच्या खाड्यांसारख्या त्यावर आता माझ्या खुणा असतात: ऑफिसला गोल, घरी फुली, कंपनीने पाठवलं तर शहराचं नाव. त्या त्या महिन्याच्या पानामागे बोर्डिंग पास टाचलेला.