क्योटोमधील सकाळ: या चुका टाळा

क्योटोला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी सकाळचा कार्यक्रम घरच्या सवयीने आखतात. हॉटेलचा नाश्ता आटोपून नऊ-साडेनऊला बाहेर पडायचे, आधी बाजार, मग देऊळ आणि भूक लागेल तिथे जेवण. या शहरात हा क्रम नेमका उलटा पडतो. फुशिमी इनारीचे देवस्थान चोवीस तास उघडे असते आणि तिथे प्रवेशशुल्क नाही. निशिकी बाजारातील दुकाने साधारण नऊ ते दहाच्या दरम्यान उघडतात आणि जेवणाची बरीचशी ठिकाणे अकरा-साडेअकराच्या आधी दार उघडत नाहीत. आधी देवस्थान, मग बाजार आणि शेवटी जेवण असा क्रम ठेवला, तर या तीनही गोष्टी दुपारपर्यंत निवांतपणे होतात.

पहिल्याच दिवशी पहाट धरण्याचा हट्ट

जपानचे घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. क्योटोमध्ये सकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात आणि आपले शरीर पहिले एक-दोन दिवस पुण्याच्याच वेळेवर चालते. त्यामुळे आल्याच्या दुसऱ्या सकाळी पाचचा गजर लावून इनारीचा डोंगर चढणे म्हणजे स्वतःवर उगवलेला सूड होय. पहाटेचा कार्यक्रम तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी राखून ठेवावा आणि पहिल्या सकाळी बाजारापासूनच सुरुवात करावी.

गाडी चुकीची, वाटही अर्धीच

क्योटो स्थानकाहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा मार्गावर इनारी हे दुसरे स्थानक आहे. मुंबईकराला स्लो आणि फास्ट लोकलमधला फरक समजावून सांगावा लागत नाही, तरीही परदेशात घाईत तोच फरक विसरला जातो आणि प्रवासी जलद गाडीत बसतात. ही गाडी इनारीला थांबत नाही. चूक वेळीच लक्षात आली, तर आधीच्या तोफुकुजी स्थानकावर उतरून मागून येणारी साधी लोकल पकडावी.

देवस्थानात पोहोचल्यावर होणारी दुसरी चूक म्हणजे शेंदरी कमानींच्या, म्हणजेच तोरींच्या पहिल्याच दाट रांगेत छायाचित्रांसाठी ताटकळत राहणे. इनारी डोंगराची उंची २३३ मीटर आहे आणि संपूर्ण फेरीला साधारण दोन तास लागतात, परंतु अर्ध्या-पाऊण तासाच्या चढावर असलेल्या योत्सुत्सुजी या चौकापर्यंत गेले तरी पुरते. तिथून शहर खाली पसरलेले दिसते आणि गर्दी केव्हाच मागे पडलेली असते. उतरताना खांबांकडे अवश्य पाहावे. चढताना कोऱ्या दिसणाऱ्या खांबांच्या मागच्या बाजूस कमान अर्पण करणाऱ्या व्यक्तीचे किंवा व्यापारी पेढीचे नाव आणि तारीख काळ्या अक्षरांत लिहिलेली असते. आपल्याकडे देवळातल्या फरश्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात, तसाच हा प्रकार.

परतताना पुन्हा क्योटो स्थानक गाठू नये. देवस्थानाजवळच केइहान या खासगी रेल्वेचे वेगळे स्थानक आहे; तिथून गिओन-शिजोला उतरून कामो नदीवरचा पूल पायी ओलांडला की निशिकी बाजार जवळच आहे. जेआरचा पास मात्र या रेल्वेवर चालत नाही. इकोका किंवा सुइका या प्रीपेड प्रवासकार्डात पैसे असलेले बरे.

बसने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, शहरातल्या एकसमान भाड्याच्या बसमध्ये मागच्या दाराने चढतात आणि उतरताना पुढच्या दाराशी २३० येन भरतात. जुन्या प्रवासवर्णनांत हमखास सुचवलेला फक्त बसचा एकदिवसीय पास २०२३ मध्येच विक्रीतून गेला असून आता भुयारी रेल्वे आणि बस यांचा एकत्रित पास मिळतो.

बाजारात चालता चालता खाणे

निशिकी हा सुमारे ३९० मीटर लांबीचा, छत घातलेला, अरुंद बाजार आहे. चित्रकार इतो जाकुचू १७१६ मध्ये याच बाजारातल्या एका भाजी व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. इथे खाऊ घेऊन चालत जाण्यास दुकानदारांची स्पष्ट हरकत असते. घेतलेला पदार्थ त्याच दुकानासमोर किंवा आत उभे राहून संपवावा आणि काडी तिथेच परत द्यावी, कारण रस्त्यावर कचराकुंडी जवळजवळ सापडत नाही. काडीवर लावलेले लालसर, इवलेसे ऑक्टोपस घेणाऱ्यांनी त्याच्या डोक्यात लाव्ह्याचे अख्खे अंडे भरलेले असते हे आधी जाणून घ्यावे. भावात घासाघीस करू नये.

‘यात मांस नाही ना?’ एवढेच विचारणे

शाकाहारी प्रवाशांची सर्वांत मोठी फसगत इथे होते आणि दोष विक्रेत्याचा नसतो. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हे पाणीदार सार. ते बहुधा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून लाकडासारखा कडक केलेला बोनिटो मासा, यांपासून काढतात. या माशाचे कागदासारखे पातळ कीस गरम पाण्यात घालून नंतर गाळून टाकतात. वाडग्यात मासा दिसत नाही, फक्त किंचित धुरकट वास राहतो. त्यामुळे ‘मांस नाही’ हे उत्तर खरे असूनही पदार्थ शाकाहारी नसतो.

इनारीच्या परिसरातच याचे उत्तम उदाहरण मिळते. इनारी या देवतेचे दूत असलेल्या कोल्ह्यांना तळलेला टोफू आवडतो अशी समजूत असल्याने तिथे इनारीझुशी आणि कित्सुने उदोन सर्वत्र विकले जातात. पहिल्यात टोफूच्या पिशवीत भरलेला भात, दुसऱ्यात शेवयांवर टोफूचा तुकडा. पाहणारा निश्चिंत होतो. पण इनारीझुशीतला टोफू बहुधा दाशीत शिजवलेला असतो आणि उदोनचे सार तर दाशीच असते. बाजारातले दाशीमाकी हे अंड्याचे वळकुटीसारखे ऑम्लेट नावातच दाशी सांगते. अंडे खाणाऱ्या शाकाहाऱ्यांनीही ते टाळावे.

यावर उपाय म्हणजे ‘मी मांस, मासे आणि माशांची दाशी खात नाही’ हे वाक्य जपानीत लिहून फोनमध्ये ठेवणे आणि मागणी देण्यापूर्वी दाखवणे. पोटभर जेवायचे असेल, तर बौद्ध मठांच्या परंपरेतल्या शाकाहारी जेवणाचे शोजिन र्‍योरी हे नाव विचारावे. गोडात दालचिनीच्या वासाचे, आत लाल घेवड्याचे गोड सारण असलेले मऊ यात्सुहाशी सुरक्षित आणि चविष्ट आहे, मात्र ते थोडेच दिवस टिकते. घरी न्यायचे असल्यास शेवटच्या दिवशी घ्यावे.

पासपोर्ट हॉटेलात, सुरी पिशवीत

करमाफीसाठी एका दुकानात एका दिवशी कर वगळून किमान ५,००० येनची खरेदी लागते आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. छायाप्रत चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासूनच्या पद्धतीत कर आधी भरून तो देश सोडताना परत मिळवायचा आहे, तेव्हा माल मोठ्या बॅगेच्या तळाशी कोंबू नये.

निशिकीतल्या, १५६० मध्ये सुरू झालेल्या आरित्सुगुसारख्या दुकानातून स्वयंपाकाची सुरी घेतली, तर ती खोक्यात बंदच ठेवून थेट हॉटेलवर न्यावी, कारण सबळ कारणाशिवाय सहा सेंटिमीटरहून लांब पात्याची सुरी बाळगणे जपानमध्ये गुन्हा आहे. विमानात ती चेक-इन सामानातच जाते. सुगुकी किंवा शिबाझुके या लोणच्यांच्या पिशव्याही तिच्याच सोबत ठेवाव्यात: आतले खारे पाणी सुरक्षा तपासणीत द्रव म्हणून अडू शकते आणि पिशवीला बारीक छिद्र पडले तर शेजारच्या कपड्यांना येणारा आंबूस वास दोन धुण्यांतही जात नाही.