एचआयव्हीबद्दल मुलांशी बोलताना या चुका टाळा

एचआयव्ही कसा पसरतो हे आठवी-नववीतली मुलं परीक्षेत बिनचूक लिहितात. पण आपल्यावरच वेळ आली तर कुणाकडे जायचं, हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसतं घाबरवणं. घाबरलेलं मूल लपवतं आणि त्यात मोलाचा वेळ जातो. असुरक्षित संबंध आला, जबरदस्ती झाली किंवा वापरलेली सुई टोचली, तर संसर्ग रोखणारी औषधं (पीईपी) ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. पुढे ती २८ दिवस रोज घ्यायची असतात. चौथ्या दिवशी धीर करून बोललेल्या मुलीला हा उपाय मिळत नाही. म्हणून “काहीही झालं तरी लगेच सांग, मी रागावणार नाही” हे आधीच सांगून ठेवा आणि तो शब्द पाळा. “तू तिथे गेलीसच कशाला?” हा प्रश्न तर कधीच विचारू नका.

कंडोमचा विषय टाळणं ही दुसरी चूक. माहिती दिली की मुलं बिघडतात, ही भीती निराधार आहे. लैंगिक शिक्षणामुळे मुलांमधले लैंगिक संबंध वाढत नाहीत, असं युनेस्कोची २०१८ ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. उलट अर्धवट माहिती घातक ठरते. गर्भनिरोधक गोळी एचआयव्ही रोखत नाही. तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. एकावर एक दोन कंडोम वापरणंही चुकीचंच. दारूच्या नशेत तर यातलं काहीच आठवत नाही, हेही मुलांना सांगा.

दुसऱ्याच दिवशी तपासणी करून निश्चिंत होऊ नका. चाचणीच्या प्रकारानुसार संसर्ग दिसायला काही आठवडे, कधी ९० दिवसांपर्यंत लागतात. चेहऱ्यावरून तर काहीच कळत नाही. लक्षणांशिवाय कित्येक वर्षं जाऊ शकतात.

वर्गात बोलताना, समोर जन्मापासून एचआयव्हीसह जगणारं एखादं मूल बसलं असेल असं धरूनच बोला. डबा वाटून खाल्ल्याने, मिठी मारल्याने किंवा डास चावल्याने संसर्ग होत नाही. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही तो पसरत नाही. आणि एखाद्या मुलाने विश्वासाने काही सांगितलं, तर ते स्टाफरूममध्ये बोलू नका. बातमी एकदा फुटली की त्या शाळेतलं दुसरं मूल ७२ तासांत तुमच्याकडे येणार नाही.